बँडच्या जुन्या आवाजात नेमकं होतं काय?

लग्न घाटावरचं असो की घाटाखालचं, चिखलीतलं असो की मलकापुरातलं, वरात मारुतीच्या पारावरून निघाली की पन्नाशी ओलांडलेल्या पाहुण्यांपैकी कुणीतरी बोलतंच, "पयल्यासारखा बँड नाही राह्यला आता." आजूबाजूची पोरं ऐकून घेतात आणि पुन्हा स्पीकरच्या गाडीसमोर नाचायला जातात. बुलडाणा जिल्ह्यातल्या जवळपास प्रत्येक गावात ही तक्रार ऐकू येते. बहुतेक जण ती म्हातारपणाची हळहळ समजून सोडून देतात.

अशी हळहळ फक्त आपल्याकडेच नाही. २५ जुलै १९६५ रोजी अमेरिकेतल्या न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात बॉब डिलन इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभा राहिला, तेव्हा त्याच्या जुन्या चाहत्यांपैकी अनेक जण बिथरले होते. २००८ मध्ये मेटॅलिका या रॉक बँडचा ‘डेथ मॅग्नेटिक’ हा अल्बम आला आणि हजारो चाहत्यांनी त्याचं ध्वनिमिश्रण पुन्हा करून द्या अशी मागणी केली. गाणी वाईट आहेत असं त्यांचं म्हणणं नव्हतं. आवाज सतत एकाच चढ्या पातळीत दाबून भरलाय, त्यातला चढउतार मारला गेलाय, ही त्यांची तक्रार होती. ती खरी की खोटी हे मोजून दाखवता येत होतं, आणि ती खरी निघाली.

वरातीतल्या बँडबद्दलची तक्रारही तितक्याच गांभीर्याने घ्यायला हवी, असं मला मनापासून वाटतं. जुन्या बँडच्या आवाजात जे होतं, त्यातलं बरंच काही पितळ, हवा, श्वास आणि माणसांची संख्या यांतून आलेलं होतं. ते समजून घेतलं की नेमकं काय गेलं ते कळतं, आणि त्यातलं काय परत आणता येईल तेही कळतं.

छावणीतून वरातीत

आपल्याकडच्या लग्नात वाजंत्री फार जुनी. सनई, संबळ, ताशा, डफडं, हलगी ही वाद्यं बँडच्या कितीतरी आधीपासून मांडवात होती. पितळी बँड आला तो लष्कराच्या मागोमाग. १८५३ च्या तहाने निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात दिला तो हैदराबाद कंटिन्जंट या फौजेच्या खर्चापोटी. फौज म्हटली की कवायत आणि कवायत म्हटली की बँड. त्याच काळात युरोपात पितळी वाद्यं नव्याने घडत होती. १८१० च्या दशकात जर्मन कारागिरांनी तुतारीच्या नळीला झडपा बसवल्या. त्याआधी ट्रम्पेटवर मोजकेच सूर निघत. झडपांमुळे सगळे स्वर हाताशी आले. पुढे १८४० च्या दशकात पॅरिसमध्ये अ‍ॅडॉल्फ सॅक्सने लहानापासून मोठ्यापर्यंत पितळी वाद्यांचं अख्खं कुटुंबच तयार केलं. ही वाद्यं चालता चालता वाजवता येत, उन्हापावसात टिकत आणि उघड्या मैदानात ऐकू जात. वरातीला यापेक्षा वेगळं काय लागतं?

छावण्या, संस्थानं आणि पोलीस दलं यांच्या बँडमध्ये शिकलेली माणसं बाहेर पडली आणि शहरांत खासगी बँड उभे राहिले. १८८५ मध्ये मेरठला नादिर अली आणि कंपनी सुरू झाली आणि मेरठ बँडच्या वाद्यांची देशातली मोठी पेठ बनलं. पुण्यात प्रभात आणि दरबार या बँडची नावं गणेश विसर्जन मिरवणुकीशी कायमची जोडली गेली. ग्रेगरी बूथ या संगीत अभ्यासकाने भारतभर हिंडून लग्नाच्या बँडवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक लिहिलं, ते २००५ मध्ये आलं. ज्या वादकांना आपण कधी नाव विचारलं नाही, त्यांच्यावर ग्रंथ होऊ शकतो हे त्या पुस्तकाने दाखवलं.

१९५२ मध्ये रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बँडवाल्यांना नव्या गाण्यांची साप्ताहिक शिदोरीच मिळाली. बहुतेक बँडमास्तर कानाने शिकलेले. रेडिओवर किंवा तबकडीवर गाणं ऐकायचं, चाल पिपाणीवर बसवायची, बाकीच्यांना त्यांचा त्यांचा तुकडा वाजवून दाखवायचा. ‘नया दौर’, ‘सूरज’, ‘नीलकमल’ अशा चित्रपटांतली गाणी गावोगावच्या बँडमध्ये अशीच पोचली.

एकाची हाक, बाकीच्यांचा ओ

जुना बँड कसा वाजायचा ते जरा जवळून पाहू. पुढे मास्तर, त्यांच्या हातात क्लॅरोनेट किंवा ट्रम्पेट. वऱ्हाडात क्लॅरोनेटला सरसकट पिपाणीच म्हणतात. मागे दोन रांगांत ट्रम्पेटवाले, त्यांच्यामागे जाड आवाजाचे इफोनियम आणि बेस, आणि सगळ्यात मागे साईड ड्रम, मोठा ढोल आणि झांज. रात्रीची वरात असेल तर दोन्ही बाजूंना डोक्यावर गॅसबत्त्या घेतलेली माणसं.

मास्तर पिपाणीची पत्ती जिभेने ओली करतात. बोरूसारख्या वेताची ती पातळ पट्टी कोरडी असेल तर सूर चिरकतो, म्हणून वाजवण्याआधी ती तोंडात धरून मऊ करावी लागते. मग मुखडा एकटे वाजवतात, तालाशिवाय, थोडा लांबवून. गर्दीतल्या निम्म्या लोकांना पहिल्या तीन सुरांतच गाणं ओळखू येतं आणि कुणीतरी शिट्टी मारतं. मग ढोलावर टिपरू पडतं, आणि तोच मुखडा सगळी पितळी वाद्यं एकदम उचलतात. अंतरा पुन्हा मास्तरांचा, त्याला उत्तर पुन्हा बँडचं.

या रचनेत सौंदर्य आहेच, पण तिच्यामागे शरीराची गरजही आहे. ट्रम्पेट वाजवताना ओठ आवळून त्यांना सतत कंप द्यावा लागतो. तासभर अखंड वाजवलं तर ओठ सुजतात, सूर लागत नाही. म्हणून एक वाजवतो तेव्हा बाकीचे दम घेतात. ऐकणाऱ्याला मात्र यातून चढउतार मिळतो. एका वाद्याचा बारीक आवाज, मग पंधरा वाद्यांचा भरलेला आवाज, पुन्हा एकाचा. त्या बारीक आवाजाच्या वेळी मागून बायकांची गाणी ऐकू येत, घोड्याच्या टापा ऐकू येत, व्याह्यांचं बोलणं होत असे. बँड वाजत असताना माणसं एकमेकांशी बोलू शकत होती, हे आज ज्यांनी अनुभवलं नाही त्यांना सांगूनही पटत नाही.

पिपाणी रडते कशी?

जुन्या श्रोत्यांना सगळ्यात जास्त आठवते ती पिपाणी. बिदाईच्या वेळी ती रडायची, असं बायका सांगतात. या रडण्याला कारण आहे.

क्लॅरोनेटची नळी जवळजवळ सारख्या जाडीची असते आणि पत्तीच्या बाजूने ती बंद नळीसारखी वागते. अशा नळीत मूळ सुराबरोबर त्याच्या तिप्पट, पाचपट, सातपट कंपनांचे उपसूर जोरात निघतात. दुप्पट, चौपट कंपनांचे उपसूर खालच्या पट्टीत अगदी क्षीण राहतात. त्यामुळे तिचा खालचा आवाज पोकळ, गडद, थोडा घोगरा लागतो. दुःखी माणसाच्या आवाजाच्या तो जवळ जातो. सनईची नळी मात्र खाली रुंद होत जाणारी असते. तिच्यात सगळे उपसूर निघतात, म्हणून तिचा आवाज उजळ आणि टोकदार. मांडवात सनई मंगल वाटायची आणि दारात पिपाणी गदगदून आणायची, त्याचं निम्मं उत्तर नळीच्या आकारात आहे.

उरलेलं निम्मं उत्तर बोटांत आणि ओठांत आहे. पिपाणीच्या भोकांवरून बोट एकदम न उचलता हळूहळू सरकवलं आणि त्याच वेळी पत्तीवरचा ओठाचा दाब बदलला, तर एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाता येतं. आपल्या गाण्यातली मींड ती हीच. १९४० ते ६० च्या दशकांत मास्टर इब्राहिम यांनी चित्रपटगीतं क्लॅरोनेटवर वाजवलेल्या तबकड्या देशभर गाजल्या, त्या या गळ्यासारख्या वाजण्यामुळे. गावोगावच्या मास्तरांनी तेच शिकून घेतलं. आज पिपाणीच्या जागी येणाऱ्या साध्या कीबोर्डवर प्रत्येक पट्टीचा सूर ठरलेला. दोन पट्ट्यांच्या मधल्या जागेत, जिथे मींड राहते, तिथे बोट ठेवायला जागाच नसते. सूर वळवण्याचं चाक महागड्या कीबोर्डवर असतं, पण ओठाची बारीक थरथर त्यातूनही येत नाही. "क्यासिओवर बिदाई वाजली, पण रडू नाही आलं," असं कुणी आजी म्हणाली, तर ती अगदी अचूक बोलते आहे.

थोडं बेसूर असण्याची श्रीमंती

आता एक गोष्ट सांगतो, जी ऐकून जाणकारांच्या भुवया उंचावतील. जुना बँड पूर्ण सुरात नसायचा आणि त्याचा भरदारपणा त्यातूनच यायचा.

समजा, एक ट्रम्पेटवाला सेकंदाला ४४० कंपनांचा सूर लावतोय आणि शेजारचा ४४३ चा. हे दोन सूर एकत्र आले की आवाज सेकंदाला तीनदा फुगतो आणि ओसरतो. आठ-दहा वादक असे एकमेकांपासून केसभर सरकलेले असले की या फुगण्या-ओसरण्यांचं जाळं तयार होतं आणि कानाला एक रुंद, जिवंत, लहरणारा आवाज ऐकू येतो. मोठ्या भजनी मंडळात किंवा शाळेच्या प्रार्थनेत जो भरीवपणा असतो, तोही असाच. प्रत्येक गळा थोडा वेगळा असतो म्हणून समूह समूहासारखा वाटतो. एकाच कीबोर्डवर ‘ब्रास’ असं लिहिलेलं बटण दाबलं की सूर स्वच्छ येतो, पण तो एकट्याचाच राहतो.

याला आपल्या उन्हाचीही साथ असते. घाटाखाली खामगाव, शेगाव, मलकापूर, नांदुरा या पट्ट्यात ऐन लग्नसराईत पारा चाळिशी पार करतो. गरम हवेत ध्वनी वेगाने जातो. २० अंशांना सेकंदाला सुमारे ३४३ मीटर, तर ४० अंशांना सुमारे ३५५ मीटर. वाद्यातली हवा इतकी तापली तर सूर जवळजवळ अर्ध्या अर्धस्वराने चढतो. बारीक नळीचं वाद्य आणि जाड नळीचं वाद्य सारख्या गतीने तापत नाहीत, म्हणून वैशाखातल्या भर दुपारच्या वरातीत बँडचे सूर एकमेकांपासून सरकत राहतात आणि मास्तर मधूनच थांबून नळी ओढून-दाबून ते जुळवत राहतात. त्या हंगामाचा बँड त्या हंगामासारखा वाजायचा.

नागिणीचं गुपित

इथे कुणाला वाटेल की मी पितळेच्या बाजूने आणि विजेच्या विरोधात बोलतोय. तसं नाही, आणि याचा सगळ्यात चांगला पुरावा बँडवाल्यांच्याच सगळ्यात लाडक्या धूनमध्ये आहे.

ज्या धूनवर रुमाल दातात धरून, गुडघ्यावर बसून पिढ्यान् पिढ्या नाचल्या, ती १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली. संगीत हेमंतकुमार यांचं. चित्रपटात जी पुंगी ऐकू येते, ती गारुड्याची पुंगी नव्हतीच. कल्याणजी वीरजी शाह यांनी ती क्लॅव्हिओलिन या वाद्यावर वाजवली होती आणि हार्मोनियमची साथ रवी यांची होती. क्लॅव्हिओलिन हे विजेवर चालणारं कळफलकाचं वाद्य, कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच माणसाने १९४७ मध्ये केलेलं. म्हणजे आजच्या कीबोर्डचा पूर्वजच. गावातल्या मास्तरांनी विजेच्या वाद्यावरची ती धून ऐकली आणि पिपाणीवर, फुंकेने आणि बोटांनी, पुन्हा उभी केली. लोकांच्या मनात बसली ती हीच पिपाणीची नागीण.

याच रवी यांनी पुढे ‘चौदहवीं का चाँद’ (१९६०), ‘नीलकमल’ (१९६८) आणि ‘आदमी सडक का’ (१९७७) या चित्रपटांना संगीत दिलं. मित्राच्या लग्नाचं गाणं, नवरदेवाचं गाणं, लेकीच्या बिदाईचं गाणं, वरातीची अर्धी वही त्यांच्याच चालींनी भरली. भारतातल्या बँडचा एक अघोषित संगीतकार निवडायचा झाला तर तो मान रवी यांचाच.

नागिणीच्या गोष्टीतून मला दिसतं ते असं. वाद्य विजेचं असलं म्हणून आवाज निर्जीव होत नाही. कल्याणजींचं बोट त्या पट्ट्यांवर होतं, कान पुंगीवर होता, आणि म्हणून ती धून जिवंत झाली. जुने श्रोते हळहळतात ते वाद्य बदललं म्हणून कमी, आवाजामागचा माणूस दिसेनासा झाला म्हणून जास्त.

लांबून येणारा बँड

जुन्या बँडची आणखी एक गंमत होती. तो येताना ऐकू यायचा. उघड्यावर अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बारीक, टोकदार सूर घरांच्या भिंतींना अडतात, जाड सूर कोपऱ्यावरून वळून पुढे जातात. त्यामुळे वरात दोन गल्ल्या पलीकडे असताना आधी फक्त मोठ्या ढोलाचे ठोके यायचे, मग बेसचा घुमार, आणि वळणावर वरात दिसली की एकदम ट्रम्पेट उजळायचं. पोरं दाराबाहेर पळायची, बायका हातातलं काम टाकून ओट्यावर यायच्या. आवाज वाट चालून दारात यायचा आणि तसाच निघून जायचा.

रात्री तर शेजारच्या गावचा बँडही ऐकू यायचा. पूर्णा खोऱ्यातल्या काळ्या जमिनीच्या सपाट मुलखात हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानाने उबदार अशी उलटी मांडणी होते. वरच्या उबदार हवेत ध्वनी वेगाने जातो, म्हणून वर निघालेल्या ध्वनिलहरी पुन्हा जमिनीकडे वाकतात आणि कोसभर लांब पोचतात. मोटारी कमी होत्या, पंखे-पंप कमी होते, त्यामुळे झाकणारा आवाजही नव्हता. थंडीच्या रात्री खाटेवर पडल्या पडल्या कुठल्या गावात लग्न आहे हे आवाजाच्या दिशेवरून ओळखणारी माणसं अजून आहेत. त्यांच्या आठवणीतला बँड मुळात दुरून ऐकलेला आहे, आणि दुरून ऐकायला गोड लागावा असाच तो होता.

बदल कसा आला

१९८० मध्ये कॅसिओने आपला पहिला कीबोर्ड बाजारात आणला. १९८५ मध्ये रोलँडचा ऑक्टोपॅड आला, आठ चौकोनांवर काड्या मारून कोणताही ताल काढणारा. पुढच्या काही वर्षांत दोन्ही आपल्या ऑर्केस्ट्रांत आणि मग बँडमध्ये शिरले. त्याच सुमारास बेंजो पार्ट्यांनी महाराष्ट्रभर जोर धरला. हा बेंजो म्हणजे तारांवर टाइपरायटरसारख्या पट्ट्या असलेलं वाद्य. जपानमध्ये १९१२ साली घडलेल्या ताइशोगोतो या वाद्याचा तो वंशज. आपल्याकडे त्याला पिकअप लावून भोंग्यातून वाजवलं गेलं आणि ढोल-ताशाच्या साथीला तो फिट बसला.

मग वाद्यं गाडीवर चढली. मागे जनरेटर, वर भोंगे आणि स्पीकर, आत बसलेला कीबोर्डवाला, हातात माईक घेतलेला गायक. पितळेवाले गाडीभोवती चालू लागले. पुढच्या टप्प्यावर गाडी राहिली आणि माणसं गेली. आता गाडीवर डीजे असतो.

हे का झालं याचं उत्तर एका साध्या हिशेबात आहे. एका ट्रम्पेटऐवजी दहा ट्रम्पेट वाजले तर आवाज १० डेसिबलने वाढतो, आणि कानाला तो जेमतेम दुप्पट वाटतो. म्हणजे बँडचा आवाज दुप्पट करायला दहापट माणसं हवीत. दहा माणसांची बिदागी, गणवेश, जेवणावळ, टेम्पोचं भाडं. अ‍ॅम्प्लिफायरवर तोच आवाज एका बटणाने वाढतो. आवाज किती असावा याला जुन्या बँडमध्ये माणसांच्या संख्येची नैसर्गिक मर्यादा होती. स्पीकरने ती मर्यादा उठवली, आणि मग एका वरातीपेक्षा दुसरीचा आवाज मोठा, अशी चढाओढ लागली.

त्यात भर पडली ध्वनिमुद्रणाच्या पद्धतीची. मेटॅलिकाच्या चाहत्यांनी ज्याच्यावर बोट ठेवलं, तो प्रकार आज जवळजवळ सगळ्या नाचाच्या गाण्यांत असतो. मुद्रणात हळू भाग यंत्राने वर उचलतात, जोराचे भाग खाली दाबतात आणि मग सगळंच कमाल पातळीला नेऊन ठेवतात. मास्तरांच्या एकट्या मुखड्यानंतर पंधरा वाद्यं तुटून पडायची, तेव्हा अंगावर जो काटा यायचा, तो या दोन पातळ्यांमधल्या फरकाचा होता. फरकच पुसला की कितीही आवाज वाढवा, काटा येत नाही. छातीत धडधड तेवढी होते.

कानाचा हिशेब

कानासाठी ८५ डेसिबल आवाजात आठ तास हा साधारण सुरक्षिततेचा काठ धरतात. पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० डेसिबलला जेमतेम पाव तास. त्याहून मोठ्या आवाजात मिनिटांचाच हिशेब उरतो. कानाच्या आतल्या केशपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. स्पीकरच्या गाडीला चिकटून नाचणाऱ्या दहा-बारा वर्षांच्या पोरांकडे पाहून माझा जीव म्हणूनच खालीवर होतो.

कायदाही स्पष्ट आहे. ध्वनिप्रदूषण नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्र म्हणजे १० ते सकाळी ६. १८ जुलै २००५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने रात्री दहानंतरच्या लाउडस्पीकरबद्दलची बंधनं ठामपणे अधोरेखित केली. नियम आहेत, पण ते पाळले जाणं पोलिसांच्या गाडीपेक्षा नवरदेवाच्या बापावर जास्त अवलंबून आहे.

वाजवणाऱ्यांनी काय गमावलं, काय गमावलं नाही

जुन्या आवाजाची आठवण काढताना एक गोष्ट विसरली तर ती आठवण अर्धी राहते. वाजंत्री हे काम आपल्या समाजाने कुणावर सोपवलं होतं? सनई, डफडं, हलगी वाजवणारे बरेचसे मातंग समाजाचे. बँडमध्येही गरीब हिंदू आणि मुसलमान घरांतलेच वादक जास्त. ज्यांच्या फुंकेशिवाय लग्न लागत नव्हतं, त्यांना पंगतीत शेवटी बसवलं जाई किंवा वेगळं बसवलं जाई. हंगाम चार महिन्यांचा, बाकीचे आठ महिने मजुरी. गॅसबत्ती डोक्यावर घेऊन मैलोन् मैल चालणाऱ्या बाईकडे कुणी पाहतही नसे. अनेक घरांतल्या मुलांनी हे काम सोडून शाळा-कॉलेजची वाट धरली, तर त्याचा आनंदच व्हायला हवा.

म्हणून जुना बँड परत यावा असं म्हणताना जुनी वागणूक परत यावी असा त्याचा अर्थ होता कामा नये. हा कारागिरांचा व्यवसाय आहे. पितळेवर ओठ बसायला वर्षं लागतात, पिपाणीवर मींड यायला त्याहून जास्त. इतकी वर्षं घालवलेल्या माणसाला गवयाचा मान आणि गवयाचे पैसे मिळाले, तर त्याची मुलंही ते वाद्य हातात घेतील. हा आवाज टिकवायचा असेल तर आधी त्या माणसाला सन्मानाने जगता आलं पाहिजे. बाकीचे उपाय त्यानंतरचे.

काय करता येईल

आपल्या जिल्ह्यात माणसांच्या आवाजाची कदर अजून जिवंत आहे. दरवर्षी शेगावहून संत गजानन महाराजांची पालखी पंढरपूरला निघते. शेकडो वारकरी रांगेत टाळ वाजवत एका ठेक्यात पाऊल टाकतात, तेव्हा रस्त्यावरची माणसं थांबून ऐकतात. तिथे आवाज मोठा वाटतो तो हात आणि गळे पुष्कळ असल्यामुळे. जी माणसं पालखी ऐकायला उन्हात उभी राहतात, त्यांना वरातीतही तसा आवाज कळेल, फक्त तो ऐकायला मिळायला हवा.

डीजे एका दिवसात जाणार नाही, आणि पोरांना नाचायचं आहे हेही खरं. पण लग्नघरातल्या लोकांच्या हातात बरंच आहे. बँडची सुपारी देताना पितळी वाद्यं किती आणि पिपाणी कोण वाजवणार हे विचारा. इसार देतानाच ठरवा की सीमांतपूजन आणि बिदाई या दोन वेळी गाडीचा आवाज पूर्ण बंद राहील आणि मास्तर माईकशिवाय वाजवतील. वरात लांब असेल तर स्पीकर निम्म्या वाटेपर्यंतच ठेवा. लहान मुलांना गाडीपासून दूर ठेवा. वादकांना पहिल्या पंगतीला बसवा. मास्तर साठीच्या पुढचे असतील तर त्यांच्याकडून दोन-चार जुन्या चाली मोबाइलवर नीट मुद्रित करून घ्या, कारण त्या चाली कुठे लिहून ठेवलेल्या नाहीत, त्या फक्त त्यांच्या बोटांत आहेत.

आणि ज्या गावात अजून पाच पितळी वाद्यं आणि एक पिपाणी एकत्र येऊ शकतात, तिथल्या लोकांनी हे भाग्य ओळखावं. सहा माणसांनी डोळ्यांसमोर श्वास घेऊन वाजवलेलं गाणं महागड्या स्पीकरमधूनही मिळत नाही. "पयल्यासारखा बँड नाही राह्यला" असं म्हणणाऱ्या माणसाला पोरांनी हसण्याआधी एकदा विचारावं, "कसा होता मग?" तो जे सांगेल त्यात हवेचं शास्त्र असेल, पितळेचं असेल आणि गावाचंही असेल. पुढच्या लग्नाची सुपारी त्याला सोबत घेऊन द्यावी.